शाब्दिक उदाहरण

खोलीची लांबी वीस फूट, रुंदी अठरा.
दोन माणसांत सहा फूट अंतर ठेवायचे आहे.
तर खोलीत किती माणसे झोपतील?

हे मी चौथी 'ब'ला घातलं नव्हतं.
मलाच घातलं, वॉर्ड ऑफिसातल्या कुणीतरी,
रात्री पावणेबाराला, फोनवर,
खडकवासल्याचं पाणी वाढवलं तेव्हा.
उत्तरही त्यानंच दिलं:
अडीचशे येतायत, बाई. बघा कसं ते.

मार्चपासून वर्ग उघडला नव्हता.
फळ्यावर माझ्याच अक्षरात शेवटचा वार,
पट एक्केचाळीस, हजर अडतीस.
बाकं ढकलली, ओणवी होऊन खडूनं चौकोन आखले,
आणि ओल्या पायांची पहिलीच बाई आत आली
ती दोन चौकोन टाचांना लावून घेऊन गेली.

मग कोंडिबा शिपायानं ऑइलपेंट आणला,
संडासाच्या दारांचा उरलेला, निळा.
तो वाळेपर्यंत ताडीवाला रस्त्याची माणसं व्हरांड्यात उभी,
डोक्यावर शेगडी, बगलेत कोंबडी,
एकाकडं फक्त लाइटबिल, प्लॅस्टिकच्या पिशवीत, कोरडं ठाक.
कपाळाला बंदूक लावून आम्ही ताप मोजत होतो.
चिंब माणसाचा आकडा काहीच्या काही येतो,
ब्याण्णव, एक्क्याण्णव.
मी सगळ्यांना अठ्ठ्याण्णव लिहिलं.

माणूस म्हणजे बिंदू धरला तर सोळा.
आडवा, लांबीरुंदीसकट धरला तर सहा.
माझ्या वर्गात चौतीस झोपले.

"बाई," मास्कआडून कुणीतरी म्हणालं
आणि मी ओळखलं नाही.
प्रतीक्षा खुडे. हजेरी क्रमांक एकोणतीस.
चार महिन्यांत चार बोटं वाढलेली.
ऑनलाइन तासाला का नव्हतीस गं,
जिभेवर आलं होतं. गिळलं.

तिसऱ्या दिवशी तपासणीवाले आले, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे.
नाकात काडी, पंधरा मिनिटं, दोन रेघा.
लिंबाजी खुडे, वय बासष्ट, प्रतीक्षाचा आजा.
त्याला ऐकू येत नाही, असा रकाना नव्हता.
माणसांचे ओठ बघून त्याचं आयुष्य चाललेलं
आणि आमच्या सगळ्यांच्या ओठांवर कापड.
पांढरा माणूस मोठ्यानं सांगत होता, मग आणखी मोठ्यानं.
लिंबाजी एकेकाच्या डोळ्यांत बघून हसत राहिला,
परक्या लग्नात पाहुणा हसतो तसा.

तेव्हा कौसाबाईनं मास्क खाली ओढला.
"ओ मावशी!" आरोग्य निरीक्षक ओरडला.
ती निळ्या रेघेच्या अलीकडून,
तोंड मोठं करून, आवाज न काढता, बोलली.
चार-पाच वाक्यं असतील.
तो उठला, चप्पल शोधली, एकच सापडली,
तीच घालून गाडीत बसला.

काय सांगितलंत?
"गावाकडं चाललाव म्हनलं. म्हशी बगायला."
म्हशी आहेत?
"हुत्या की."

शेऱ्यात मी 'स्थलांतरित' लिहिलं.
शब्द चुकीचा नव्हता.
उदगीरहून तो पुलाखाली आला तेव्हाही लागू होता,
पुलाखालून इथं आला तेव्हाही.
पुढं काय झालं ते माझ्या रजिस्टरात नाही.
नवव्या दिवशी पाणी ओसरलं, निवारा बंद झाला,
सतरंज्या मोजून परत. दोन कमी भरल्या,
त्याचा खुलासा मात्र मला लेखी मागितला.

आता शाळा भरते.
बाकांखाली चौकोन आहेत, रॉकेलनंही निघत नाहीत.
मधल्या सुट्टीत पोरी त्यांत ठिक्कर खेळतात,
रेघेवर पाय पडला की बाद.
काल त्यातली एक म्हणाली,
बाई, हे कुणी आखलेत? काटकोन चुकलेत.

मी गुडघ्यांवर बसले, गुण्या लावून पाहिला.
खरंच चुकलेत.